कुलूपबंद घरात भरलेला रांजण

आमच्या मराठवाड्यात भानामतीच्या गोष्टींना तोटा नाही. कुणाच्या अंगावर फुल्या उठतात, कुणाचं वाळत घातलेलं धोतर आपोआप पेटतं. माझं माहेर नांदेड, वडील शाळेत विज्ञान शिकवायचे, त्यामुळे असल्या गोष्टी कुणी सांगायला लागलं की मी सरळ विचारायची — तुम्ही स्वतः बघितलं का? उत्तर ठरलेलं. "मी न्हाई, माझ्या मावसभावाच्या साडूनं बघितलं." तेव्हा आधीच सांगून टाकते. मी जे लिहितेय ते मी स्वतः बघितलेलं आहे. मध्ये साडू वगैरे कोणी नाही.

आणि हेही सांगते की माझा यावर विश्वास नव्हता, आजही पूर्ण बसलेला नाही. पण या सदरातले अनुभव वाचताना दर वेळी ते घर आठवतं. मागच्या महिन्यात यजमान म्हणाले, "एकदा लिहून टाक, म्हणजे मला सांगायचं थांबशील." म्हणून हा प्रपंच.

लातूर जिल्हा वेगळा होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. नवा जिल्हा म्हणजे नवी कार्यालयं, नवी टेबलं, आणि त्या टेबलांवर बसायला गावोगावची माणसं. मी त्यातलीच एक, कनिष्ठ लिपिक. लग्नाला वर्ष झालेलं. यजमान शिरूर अनंतपाळला शाळेत मास्तर. ते शनिवारी संध्याकाळी यायचे आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत जायचे. बाकीचे दिवस मी एकटी.

आता माझं टेबल कुठलं ते सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोटाळा त्या टेबलानं केला. घरमालक-भाडेकरूंच्या तक्रारींचं टेबल! तेव्हा आमच्याकडं हैदराबादचा जुना भाडेकायदा चालायचा. रोज दोन-तीन तरी अर्ज यायचे. मालक पाणी तोडतो, मालक शिव्या देतो... आणि सगळ्यात जास्त, मालक न विचारता घरात शिरतो. कुणी छत बघायच्या निमित्तानं शिरतो, कुणी आपली जुनी पेटी माळ्यावर आहे म्हणून. आमचे हेडक्लार्क प्रत्येकाला एकच समजावायचे. "घर त्याचं असलं तरी राहता तुम्ही. त्यानं आधी कळवावं, दिवसा यावं, तुम्ही हो म्हणाल तरच आत यावं. आग लागली, भिंत पडली, तर गोष्ट वेगळी." दिवसभर हेच ऐकून माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं की घरमालक म्हणजे दार ढकलून आत येणारा प्राणी.

नव्या जिल्ह्यात घर मिळणं म्हणजे महाकठीण. बाई एकटी राहणार म्हटल्यावर तर लोक दारातूनच वाटेला लावायचे. शेवटी गोलाईपासून, म्हणजे लातूरच्या मुख्य बाजारचौकापासून, सातेक मिनिटांवर, एका बोळात, दोन खोल्या मिळाल्या. मालक शिवलिंगप्पा, सगळे आप्पाच म्हणायचे. साठीचे, लिंगायत, कपाळावर विभूती, गळ्यात लिंग, पांढरी टोपी. बायको वारलेली, मूलबाळ नाही. बाजारात एका भांड्यांच्या दुकानात बसून भांड्यांवर नावं घालायचं काम करायचे. लग्नसराईत दिवसभर त्यांची छिन्नी टकटक चालायची, आणि रोज नवऱ्या मुलींची नावं घालून घालून त्यांना निम्म्या लातूरची नाती पाठ झाली होती.

मध्ये छोटं अंगण, अंगणात नळ. अंगणाच्या पुढच्या बाजूला आप्पांच्या दोन खोल्या, मागच्या बाजूला माझ्या. अंगणाला फाटक नव्हतं, सरळ बोळच. शेजारी रजियाभाभी, त्यांचे यजमान शिलाईकाम करायचे. बस, एवढीच माणसं.

घर दाखवताना आप्पांनी कडीला लावलेल्या कुलपाच्या दोन किल्ल्या काढून माझ्या हातावर ठेवल्या.

"दोन्ही तुमच्याकडं. तिसरी न्हाई."

"एक तुमच्याकडं राहू द्या ना, अडीअडचणीला."

"नको बाई. मी दारातून हाक मारीन. तुम्ही 'या' म्हणल्याबिगर उंबरा ओलांडणार न्हाई. तुम्ही घरी नसताना तर न्हाईच न्हाई. जाळ लागला तर कुलूप फोडीन, तेवढंच."

मला इतका आनंद झाला! आमच्या हेडक्लार्कांना नेऊन दाखवावा असा घरमालक. त्यांनी शब्द पाळलाही. पेपर द्यायचा असला तरी बाहेर उभं राहून हाक मारायचे, आणि मी 'या' म्हटलं तरी पेपर उंबऱ्यावर ठेवून जायचे. मला वाटायचं, बाईमाणूस एकटं म्हणून जपतात.

त्या वर्षी पावसानं दगा दिला. संक्रांतीलाच विहिरी तळाला गेल्या होत्या. नळ पाच-सहा दिवसांतून एकदा, तोही दुपारी, कधी बारा तर कधी तीन. अर्धा-पाऊण तास करंगळीएवढी धार. मी त्या वेळी ऑफिसात. सुरुवातीला मी दोन हंडे अंगणात ठेवून जायची. आप्पा दुपारी जेवायला घरी यायचे, नळ आला तर ते भरायचे. पण एके दिवशी एक हंडा पाण्यासकट चोरीला गेला. दुसरा मी मग आत घेतला. त्यानंतर आप्पा आपल्यातली एक घागर मला द्यायचे आणि रविवारी टँकर येई. एवढ्यावर आंघोळ, धुणं, स्वयंपाक. भांडी राखेनं घासून नुसती पुसायची वेळ आली होती.

असाच एक मंगळवार. ऑफिसातून सहाला आले. कुलूप उघडलं, चहाला पाणी घ्यावं म्हणून स्वयंपाकघरात गेले — तर रांजण भरलेला. काठोकाठ. सकाळी मी त्याच्यात लोटा घातला तेव्हा तळ खरवडला गेला होता. शेजारचा हंडा पण भरलेला. रांजणाच्या तोंडावर माझ्याच जुन्या लुगड्याचा धडपा, चार पदरी केलेला, ओला. मीही पाणी गाळायची, पण मी धडप्याला कडेनं गाठ मारायची. इथं गाठ नव्हती. टोकं नीट आत खोचलेली होती.

मला भीती वाटली नाही, खरंच सांगते. वाटलं, यजमान अचानक येऊन गेले. दुसरी किल्ली त्यांच्याकडंच होती. वेड्यासारखी खूष झाले मी. मास्तरला एवढी अक्कल आली म्हणून! शनिवारी ते आले तेव्हा कौतुकानं विचारलं, तर म्हणाले, "मंगळवारी? मंगळवारी आमच्या शाळेत तपासणी होती. मी लघवीला सुद्धा उठलो नाही."

पुढच्या सोमवारी परत तेच. कुलूप जसंच्या तसं, रांजण भरलेला, धडपा खोचलेला.

आता माझं डोकं फिरलं. माझ्या टेबलावरचे सगळे अर्ज डोळ्यांसमोर नाचायला लागले. किल्ली आहे म्हणजे आहेच यांच्याकडं तिसरी! आज पाणी भरायला आले, उद्या कशाला येतील? माझे कपडे दोरीवर असतात, पेटी उघडी असते. तोंडानं 'उंबरा ओलांडणार न्हाई' म्हणायचं आणि मागं हे. मला फसवलं गेल्याचा राग जास्त होता. चांगला समजत होते ना मी त्यांना.

तेव्हाच शांतपणे जाऊन विचारलं असतं तर... पण शांतपणा माझ्या कुंडलीत नाही. रविवारी टँकर आला. बोळातल्या सगळ्या बायका घागरी घेऊन रांगेत. आप्पाही उभे. आणि मी तिथं, सगळ्यांसमोर सुरू झाले.

"आप्पा, तुम्ही माझ्या घरात कशाला गेला होतात?"

ते गोंधळले. "कवा?"

"सोमवारी. त्याच्या आधी मंगळवारी. पाणी भरलंत, उपकार झाले. पण मी घरात नसताना, मला न विचारता आत यायचं नाही. भाडं भरते मी."

"बाई, मी तुमच्या उंबऱ्याच्या आत पाय ठेवला न्हाई."

"मग रांजण कसा भरला? आभाळातून पाणी पडलं?"

त्या दुष्काळात हे वाक्य असं लागलं की दोघी-तिघी फस्सकन हसल्या. आणि हसल्यावर मला आणखी चेव आला. म्हणाले, "तिसरी किल्ली देऊन टाका. नाहीतर मला अर्ज करता येतो. अर्ज माझ्याच टेबलावर येतो, लक्षात ठेवा."

आप्पांची पाळी आली होती. त्यांनी घागर उचलली, रिकामीच, आणि घरात निघून गेले. रजियाभाभी माझ्याकडं अशा बघत होत्या की जणू मी मशिदीत चप्पल घालून गेले. त्या एवढंच म्हणाल्या, "मॅडम, गलत झालं."

संध्याकाळी आप्पांनी दारातून हाक मारली. मी बाहेर आले. त्यांच्या हातात पिशवी होती.

"मी मुरुडला चाललो, बहिणीकडं. नळ येऊन जाऊ द्या, मग येतो. तुम्ही नवीन कुलूप आणा, तुमच्या हातानं आणा. मास्तरला पण किल्ली देऊ नका." मग त्यांनी स्वतःच्या घराची किल्ली पुढं केली. "ही ठेवा. माझ्या घरात बघा, तुमची तिसरी किल्ली सापडती का. बघाच. बाई, माझ्याकडं दुसरं काही न्हाई, एक नाव हाय. ते असं टँकरपाशी सांडू नका."

मी किल्ली घेतली. घ्यायला नको होती, पण घेतली. त्यांच्या घरात मात्र गेले नाही, तेवढी लाज शिल्लक होती.

सोमवारी गोलाईतून नवीन कुलूप आणलं. पितळी, जाड. दोन्ही किल्ल्या माझ्या पर्समध्ये. त्या खेपेला नळ लांबला होता. गुरुवारी दुपारी ऑफिसात कोणीतरी म्हणालं की आमच्या भागात नळ आला होता. माझं कामात लक्ष लागेना. पाच वाजता उठले आणि जवळजवळ पळतच घरी आले. मनात म्हणत होते, रिकामा असू दे रांजण, रिकामा असू दे. म्हणजे मी बरोबर ठरले असते.

कुलूप तसंच होतं. आत गेले.

रांजण भरलेला होता. धडपा ओला, टोकं आत खोचलेली.

मी तिथंच जमिनीवर बसले. आता हसू नका, पण मी आधी खिडकीचे गज हलवून बघितले. एकही हलला नाही. माळवदाला उजेडासाठी झरोका होता, तो वीतभर, त्यातून मांजर आलं असतं पण हंडा घेऊन नसतं आलं. मग उठले आणि रजियाभाभींच्या दारात गेले. वाटलं, यांनीच काही केलं असेल. असं असतं तर किती बरं झालं असतं!

"भाभी, माझं पाणी तुम्ही भरता का?"

"कुलूप लावून जाता तुम्ही. मी काय भिंतीतून जाऊ?" त्यांनी माझा चेहरा बघितला आणि मशीनवरचं कापड बाजूला करून मला बसायला जागा दिली. "परत भरला?"

मी मान हलवली.

तेव्हा भाभींनी सांगितलं. आप्पांची बायको, महानंदाबाई. सगळा बोळ त्यांना आक्का म्हणायचा. तेव्हा मागच्या खोल्यांची एक किल्ली आक्कांकडं असायची. भाडेकरू कामावर गेले की आक्का जाऊन पाणी भरायच्या, पाऊस आला तर कपडे आत घ्यायच्या, दूध तापवून ठेवायच्या. कुणी सांगावं लागायचं नाही. मग एक ओव्हरसियरचं कुटुंब राहायला आलं. एके दिवशी त्या बाईचे सोन्याचे कानातले सापडेनात. ती अंगणात येऊन ओरडली, माझ्या घरात दुसरं येतं कोण?

"सगळा मोहल्ला जमा झाला," भाभी म्हणाल्या. "आणि आप्पांनी, मॅडम, सगळ्यांसमोर आक्काला विचारलं. 'घेतलंस का?' बस, एवढंच. दोन शब्द. आक्का काही बोलली न्हाई. कमरेची किल्ली काढली आणि आप्पाच्या हातावर ठेवली. आठ दिवसांनी कानातले तुरीच्या डाळीच्या डब्यात निघाले. त्या बाईनंच ठेवले होते, चोरांच्या भीतीनं. पाया पडली, रडली. पण आक्का त्यानंतर कधी मागं गेली न्हाई. पुढच्या साली कावीळ झाली, गेली. आप्पांनी ती किल्ली पुढं भाडेकरूलाच दिली. तवापासून ते उंबरा ओलांडत न्हाईत. आक्का जाऊन सात साल झाले."

मी टँकरपाशी काय बोलले होते ते मला शब्द न शब्द आठवत होतं.

शनिवारी यजमान आले. त्यांनी घराची पुन्हा तपासणी केली, गज मोजले, कुलूप ओढून बघितलं, आणि म्हणाले, "काहीतरी कारण असणार." मी म्हटलं, असेल, पण आधी मुरुडला जाऊन माफी मागायची आहे. रविवारी सकाळच्या गाडीनं मी एकटीच गेले.

आप्पा बहिणीच्या ओसरीवर बसले होते. मला बघून उठले. बहिणीनं शेंगदाण्याचा लाडू आणि पाणी आणून दिलं आणि ती आत गेली. मी त्यांची किल्ली परत दिली आणि म्हटलं, "आप्पा, चुकलं माझं. गुरुवारी नळ आला. रांजण भरलाय. नवीन कुलूप होतं."

मला वाटलं होतं, ते म्हणतील, बघा, मी सांगत नव्हतो? तसं काही नाही. त्यांनी विचारलं, "फडकं होतं का तोंडाला?"

"होतं."

"गाठ मारल्याली?"

"नाही. खोचलं होतं."

आप्पा खाली बसले. टोपी काढली, परत घातली. "ती म्हणायची, पाण्याच्या तोंडाला गाठ मारू न्हाई. तिच्या आईचं होतं ते." मग म्हणाले, "म्हंजी तुमच्याकडं येती ती. माझ्याकडं न्हाई आली कवा. सात वर्सं मी माझी घागर माझ्या हातानं भरून राहिलो. दुपारी येतो, वाटतं, आज भरल्याली असंल. कवाच नसती."

"आप्पा..."

"मला ठाऊक होतं हो, तिनं घेतलं न्हाई. मला पक्कं ठाऊक होतं. पण लोक बघत होते. म्हणलं, विचारल्यावानी करावं. ती न्हाई म्हणंल, आन् लोकांचं तोंड बंद हुईल. ती न्हाई म्हणलीच न्हाई. माझ्याकडं बघितलं नुसतं. वर्सभर सगळं बोलली, भाजी काय करू, टोपी कुठं ठेवली... त्याच्यावर एक अक्षर न्हाई. दवाखान्यात मी म्हणलं, महानंदे, एकदा शिवी तरी दे. तर म्हणली, चहा पिऊन या."

माझ्या हातातला लाडू तसाच राहिला होता. मला रडू येत होतं, आणि माझा स्वभाव असा की रडू आलं की मी काहीतरी कामाचं बोलते. म्हटलं, "आप्पा, पुढच्या पाळीला तुम्ही माझ्या घरात बसा."

"न्हाई, न्हाई. भाडेकरूच्या घरात मालकानं—"

"मी 'या' म्हणते ना? परवानगी असली की चालतं. हा माझ्या टेबलाचा नियम आहे, तुम्ही मला शिकवू नका."

ते हसले. पहिल्यांदा.

आप्पा माझ्याबरोबरच परत आले. त्याच संध्याकाळी उशिरा टँकर आला. मी बायकांसमोर स्पष्ट सांगितलं की आप्पा आत आले नव्हते, माझी चूक झाली, तुम्ही सगळ्यांनी ऐकलं होतं म्हणून सगळ्यांसमोरच सांगते. आप्पांना इतका संकोच झाला की ते घागर सोडून पळायच्या बेतात होते. भाभींनी त्यांची घागर स्वतः भरून दिली.

बुधवारी नळ यायचा अंदाज होता. सकाळी मी निघताना आप्पांना हाक मारली. ते धुतलेलं धोतर नेसून, विभूती लावून आले होते, जसं काही पाहुण्यांकडं जायचंय. उंबऱ्याशी थांबले. मी "या" म्हटलं. त्यांनी पाय आत टाकला तो अगदी जपून. रांजणासमोर मी पाट मांडून ठेवला होता. म्हटलं, मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून येते.

तीन वाजता परत आले. भाभी अंगणात नळाखालची शेवटची घागर उचलत होत्या. त्यांनी माझ्याकडं बघून 'नाही' अशी मान हलवली. आत गेले. आप्पा सकाळी बसले होते तसेच पाटावर बसलेले. रांजण कोरडा. धडपा खुंटीवर, कोरडा.

"नळ येऊन गेला, बाई," ते म्हणाले. "आवाज ऐकला मी. धार पडायचा. हललो न्हाई. वाटलं, आता येईल." त्यांच्या आवाजात काही राहिलंच नव्हतं. "मी बसलोय म्हणून आली न्हाई. मी बसायचं नव्हतं. तुमचं पण पाणी गेलं माझ्यापायी."

मीच त्यांना बसवलं होतं तिथं. ते भिंतीला धरून उठले, अंगण ओलांडून आपल्या घरात गेले. त्यांनी दाराला कुलूप न लावता नुसती कडी घातली होती, ती काढल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. चूल पेटवल्याचा नाही, भांड्याचा नाही. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मी दारात जाऊन हाक मारली. "आप्पा?" उत्तर नाही. परत हाक मारली.

त्या दिवशी नियम मी मोडला. कुणी 'या' म्हटलं नाही, तरी मी आत गेले.

आप्पा स्वयंपाकघरात उभे होते. कोपऱ्यात त्यांची घागर. काठोकाठ भरलेली, बाहेरून ओली, खाली जमिनीवर ओलं वर्तुळ. तोंडावर पांढरं फडकं, चार पदरी, टोकं आत खोचलेली. आप्पांनी तिला हात लावला नव्हता. ते नुसते बघत होते.

मी पळत भाभींकडं गेले. "भाभी, आप्पांची घागर तुम्ही भरलीत?" त्यांनी कुराणाची शपथ घेतली. म्हणाल्या, नळ आल्यापासून त्या अंगणातच होत्या, आप्पांच्या दाराकडं कुणी फिरकलं नाही. मी परत आले.

आप्पा म्हणाले, "बाई, तुम्ही सरकारी माणूस. शिकलेल्या. मला सांगा. हे माफ केलं म्हणायचं का?"

मी पंचवीस वर्षांची. दहा दिवसांपूर्वी याच माणसाला भर बोळात चोर ठरवलं होतं मी. मला काय अधिकार होता? मी म्हटलं, "हाव आप्पा. माफ केलं."

त्यांनी फडकं काढलं, दोन फुलपात्रं भरली, एक माझ्या हातात दिलं. आम्ही उभ्याउभ्याच प्यालो. मग ते भिंतीकडं तोंड करून रडले, आणि मी तिथंच उभी राहिले.

त्या घरात मी आणखी दोन वर्षं होते. त्यानंतर रांजण कधी आपोआप भरला नाही, त्यांची घागरही नाही. मी बदली होऊन नांदेडला आले, आप्पाही गेले त्याला पुष्कळ वर्षं झाली. यजमान अजून म्हणतात की भाभींनी केलं असेल. आप्पांच्या दाराला नुसती कडी होती, त्यामुळे शेवटच्या वेळेचं मी एक वेळ मान्य करते. पण माझ्या नव्या कुलपाचं काय, त्याचं उत्तर त्यांच्याकडं नाही, माझ्याकडंही नाही. वाचकांपैकी कुणाकडं असेल तर जरूर कळवा. फक्त एक विनंती. पाणी भाभींनीच भरलं होतं असं जरी उद्या सिद्ध झालं, तरी मी आप्पांना जे 'हाव' म्हटलं, ते खोटं होतं असं मला सांगू नका.